दिवाणखान्यातील समुद्र

कोलकात्याच्या सियालदह स्थानकापासून पूर्वेकडे निघाले, तर दाट वस्ती, गुदामे आणि उड्डाणपूल ओलांडल्यावर ‘सॉल्ट लेक’ नावाची नगरी लागते. नाव खाऱ्या सरोवराचे. परंतु तेथे आज खारे पाणी औषधालाही सापडत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र या बाजूस खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण दलदल पसरलेली होती. बिद्याधरी नावाची नदी समुद्राच्या भरतीचे पाणी तेथवर आणून सोडी, आणि त्या पाण्यात भेटकी, म्हणजे आपल्या कोकणातील जिताडा, तसेच बोईट व कोळंबी यांची समृद्ध पैदास होई. पुढे ही नदी गाळाने भरत गेली. १९२८ साली ती मृत झाल्याचे सरकारी रीतीने जाहीर करण्यात आले. भरतीचे येणे थांबले आणि खारी तळी निरुपयोगी होण्याची वेळ आली. तेव्हा, १९३० च्या सुमारास, तेथील मत्स्यव्यावसायिकांनी शहराचे सांडपाणी बेताबेताने या तळ्यांत घेऊन त्यांवर रोहू, कटला, मृगळ हे गोड्या पाण्यातील मासे वाढवण्यास आरंभ केला. या तळ्यांना तिकडे ‘भेरी’ म्हणतात. १९६० नंतरच्या दशकात त्यांपैकी बराच भाग हुगळी नदीतील गाळ आणून भरून काढण्यात आला व त्यावर बिधाननगर वसले. उरलेल्या सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्राला २००२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला.

खाऱ्याचे गोडे होत असताना तेथे केवळ पाणी पालटले नाही. तळाचा गाळ पालटला, काठची झाडे पालटली, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजंतू पालटले, मासे पालटले आणि मासे वाढवणाऱ्या माणसांना आपले जुने ज्ञान बाजूस ठेवून नवे शिकावे लागले. घरातील गोड्या पाण्याची मत्स्यपेटी खारी करण्याचा विचार ज्या कुटुंबांच्या मनात घोळत असेल, त्यांनी हा इतिहास प्रथम ध्यानात घ्यावा. त्यांना करावयाचे आहे ते हेच काम, फक्त उलट्या दिशेने आणि तीन फुटांच्या काचेच्या पेटीत.

हा विचार सियालदहच्या परिसरात सुचावा यात नवल नाही. माशांशी या स्थानकाचे नाते जुने आहे. १८६० नंतरच्या दशकाच्या आरंभीच येथून दक्षिणेस कॅनिंगपर्यंत लोहमार्ग गेला, आणि आजही सुंदरबनच्या वेशीवरून निघालेल्या माशांच्या टोपल्या त्याच मार्गाने शहरात येतात. येथून आचार्य प्रफुल्लचंद्र मार्गाने सरळ उत्तरेस जाऊन बागबाजार गाठले की दर रविवारी गॅलिफ स्ट्रीटवर पशुपक्ष्यांचा आणि शोभेच्या माशांचा बाजार भरलेला दिसतो. प्लॅस्टिकच्या फुगवलेल्या पिशव्यांतून सोनमासे, गप्पी, एंजल, फायटर हारीने मांडलेले असतात. हावडा व दक्षिण चोवीस परगणा या जिल्ह्यांत कित्येक कुटुंबांचा चरितार्थ या माशांच्या पैदाशीवर चालतो. त्यामुळे ज्या घरात दोन मुले आहेत, त्या घरात एक मत्स्यपेटी असणे हे कोलकात्यात काही चैनीचे लक्षण मानले जात नाही. आणि ज्या घरात गोड्या पाण्याची पेटी दोन-तीन वर्षे नीट चालली, तेथे कधीतरी नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या विदूषक माशाचे चित्र मुलाच्या दृष्टीस पडते आणि मागणी येते की, ‘हाच मासा आपल्याकडे हवा.’

मागणी लहान वाटते. तिच्यापुढे प्रश्न मोठे आहेत.

पहिला प्रश्न माशाच्या शरीराचा. आपण कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवतो, तेव्हा थोड्या वेळाने भांड्यात पाणी सुटलेले दिसते. उलट बेदाणे साध्या पाण्यात टाकले तर ते टरारून फुगतात. पातळ द्रावणातील पाणी पडद्यातून दाट द्रावणाकडे जाते, या क्रियेला शास्त्रात परासरण म्हणतात. मासा आयुष्यभर या क्रियेशी झुंजत असतो. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्याहून खारट, म्हणून त्याच्या कल्ल्यांतून पाणी सारखे आत शिरते. तो पाणी जवळजवळ पीत नाही आणि पातळ मूत्राच्या रूपाने भरपूर पाणी बाहेर टाकतो. समुद्रातील माशाचे नेमके उलट. त्याचे रक्त समुद्राहून कमी खारट, म्हणून त्याच्या शरीरातील पाणी अखंड बाहेर ओढले जाते. त्याला तहान भागवण्यासाठी समुद्रच प्यावा लागतो, आणि आत आलेले जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर फेकावे लागते. सोनमाशाला खाऱ्या पेटीत सोडणे म्हणजे त्याची कैरीची फोड करणे होय. सावकाश सवय लावली तर तो जगेल, असे सांगणारे दुकानदार भेटतात. त्यांचे ऐकू नये. पावसाळ्यात सियालदहच्या बाजारात चांदीसारखा चमकणारा हिलसा समुद्रातून नदीत चढतो हे खरे, जिताडाही दोन्ही पाण्यांत राहतो. पण ही क्षमता त्यांना वंशपरंपरेने लाभलेली आहे, ती कोणी शिकवलेली नाही. तात्पर्य असे की पेटी खारी होते, मासे खारे होत नाहीत. जुन्या माशांची सोय आधी लावावी लागते.

दुसरा प्रश्न न दिसणाऱ्या बिऱ्हाडकरूंचा, आणि बहुतेक पेट्या येथेच फसतात. माशांच्या विष्ठेतून व कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी असतो. चाललेल्या पेटीत तो साचत नाही, याचे कारण गाळणीच्या स्पंजावर आणि वाळूच्या कणाकणावर वस्ती करून राहिलेले सूक्ष्मजंतू. त्यांतील एक जात अमोनियाचे नायट्राइट करते; तेही विषारीच. दुसरी जात नायट्राइटचे नायट्रेट करते, जे पुष्कळ अंशी निरुपद्रवी असते आणि पाणी बदलताना काढून टाकता येते. ज्या पेटीला आपण ‘जुनी, मुरलेली’ म्हणतो, ती वस्तुतः या वस्तीमुळे मुरलेली असते. तीत एकाएकी समुद्राइतके मीठ घातले की या वस्तीचा कारभार कोलमडतो. काच तीच, पंप तोच, स्पंज तोच. म्हणून घरच्यांना वाटते की पेटी तयार आहे. ते दुसऱ्याच दिवशी महागाचे चार मासे आणून सोडतात, आणि आठवड्याच्या आत ते चारही तळाशी जातात. दोष माशांना दिला जातो.

खारी वस्ती नव्याने वसवण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पेटीत मासा असू नये. एखाद्या सोललेल्या कोळंबीचा तुकडा किंवा चिमूटभर खाद्य पाण्यात टाकावे. ते कुजून अमोनिया निर्माण होतो आणि सूक्ष्मजंतूंना अन्न मिळते. बाजारात मिळणाऱ्या तपासणीच्या थेंबांनी दर दोन-तीन दिवसांनी पाणी पाहावे. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरू लागतो व नायट्राइट चढते, शेवटी तेही उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. दोन्ही विषे शून्यावर आली की घर राहण्यास योग्य झाले. मुलांना या तपासणीची वही ठेवण्यास द्यावी. रिकाम्या पाण्याकडे महिनाभर पाहत बसणे कंटाळवाणे असते खरे. पण रंग बदलणाऱ्या थेंबांत मुलांचे मन चांगले रमते, आणि शाळेतील नायट्रोजनचक्राचा धडा त्यांना पुन्हा पाठ करावा लागत नाही.

आता पाण्याविषयी. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा समुद्र अगदी समोर होता. कोलकात्याची गोष्ट निराळी. शहराच्या नळाला येणारे हुगळीचे पाणी गोडे, आणि समुद्र शंभर किलोमीटरहून दूर. सियालदहच्या रहिवाशाला साहजिकच वाटते की, गाडीने कॅनिंगला जावे आणि मातला नदीतून दोन पिंपे खारे पाणी भरून आणावे. तसे करू नये. मातलेचे पाणी भरतीओहोटीगणिक आणि ऋतूगणिक कमीअधिक खारे होते, त्यात बारीक गाळ इतका असतो की ते दिवसेंदिवस निवळत नाही, आणि त्याबरोबर रोगजंतूही घरी येतात. दिघ्याच्या किनाऱ्याचीही हीच अडचण. गंगा व ब्रह्मपुत्रा पावसाळ्यात इतके पाणी आणून ओततात की बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाचा खारेपणा बराच घटतो. प्रवाळाच्या खडकांत राहणाऱ्या माशांना हा समुद्र परकाच आहे.

समुद्रापासून दूर असलेल्या शहरात समुद्र कसा आणावा हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली घरगुती मत्स्यालयावर पुस्तक लिहिले, आणि लंडनमध्ये पाहता पाहता घरोघरी काचपेट्या आल्या. किनाऱ्यावरून पाणी आणणे जिकिरीचे, म्हणून गॉसने निरनिराळे क्षार मोजून मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची रीत त्याच सुमारास प्रसिद्ध केली. आज आपण पाकिटातून विकत घेतो ते मीठ त्याच रीतीचे सुधारलेले रूप होय. स्वयंपाकघरातील मीठ येथे चालत नाही. समुद्रात विरघळलेल्या क्षारांपैकी सोडियम व क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के भरतात. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे असतात, आणि त्यांच्यावाचून समुद्रजीवांचे चालत नाही.

प्रमाण सोपे आहे. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. ९० सेंटिमीटर लांब, ३८ रुंद व ३८ उंच अशा पेटीचे माप १३० लिटर भरते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता शंभर लिटर पाणी धरावे, म्हणजे साडेतीन किलो मीठ लागेल. ते पेटीत ओतू नये. स्वच्छ बादलीत, क्लोरीन काढलेल्या आणि शक्य तर घरातील शुद्धीकरण यंत्रातून गाळलेल्या पाण्यात ते एक दिवस आधी कालवावे, हवेचा पंप लावून ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी विशिष्ट गुरुत्व मोजावे. ते १.०२५ च्या आसपास असले पाहिजे. काचेच्या तरंगत्या मापकापेक्षा एका थेंबावर काम करणारा रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा. तेवढा खर्च करावा.

पेटीतील जुने सामान बहुतेक सर्व बाहेर काढावे लागते. झाडे जगणार नाहीत. लाकडाचा ओंडका पाण्याला आम्लता देतो आणि समुद्राला हवी ८.१ ते ८.४ ची अल्कता, म्हणून तोही नको. रंगीत खडी काढून शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची वाळू घालावी. पूर्वी कधी माशांच्या रोगावर तांब्याचे औषध वापरले असेल, तर जुनी वाळू व खडे मुळीच ठेवू नयेत, कारण त्यांत मुरलेले तांबे पुढे कोळंबी-शंखांसारख्या जीवांचा नाश करते. लोखंडी झाकण, खिळे, दिव्याची पट्टी यांवर मिठाचे पांढरे थर चढून ते गंजतात. सियालदहच्या आसपासच्या जुन्या घरांतून अजून कडी-बरग्याची जमीन आहे. दगड-वाळूसह भरलेली अशी पेटी दीडशे किलोंहून जड होते, तेव्हा ती खोलीच्या मध्यभागी न मांडता भिंतीलगत मांडलेली बरी.

रोजच्या व्यवहारात एक गोष्ट सर्वांत अधिक चुकते. पेटीतील पाणी आटते, मीठ आटत नाही. पंख्याखाली ठेवलेल्या पेटीतून दिवसाला दोन लिटर पाणी उडून जाऊ शकते. पाच दिवस लक्ष दिले नाही तर शंभर लिटरांचे नव्वद होतात आणि लिटरमागे ३५ ग्रॅमचे ३९ होतात. ही भर नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने घालावी, खाऱ्याने नव्हे. काचेवर बाहेरून पाण्याच्या पातळीची रेघ ओढून ठेवली, तर घरातील कोणीही सकाळी तांब्याभर पाणी घालून ती गाठू शकतो. दर पंधरवड्यास दहा-पंधरा टक्के पाणी बदलावयाचे, ते मात्र आधीच कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने.

वैशाखातील कोलकाता माशांनाही सोसत नाही. त्यांना २५ ते २८ अंश मानवतात. बंद खोलीतील पाणी त्याहून पुष्कळ तापते. पृष्ठभागावर वारा सोडणारा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो, पण पावसाळ्यातील दमट हवेत त्याचा उपयोग घटतो. शिवाय खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा सुमारे पंचमांश कमी प्राणवायू विरघळतो, आणि पाणी जसे तापेल तसा तो आणखी कमी होतो. म्हणून वीज गेली की गोड्या पेटीपेक्षा खारी पेटी लवकर संकटात येते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असल्यावाचून हे काम हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग मासे कोणते आणावे? येथे कुटुंबाने थोडा विवेक बाळगला पाहिजे. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतांशी पैदास केलेले असतात; समुद्रातील मात्र अजून मोठ्या प्रमाणावर प्रवाळखडकांतून पकडून आणले जातात. फिलिपीन्समध्ये १९६० नंतर मासे गुंगवण्यासाठी सायनाइड फवारण्याची रीत पडली. तिने मासेही मेले आणि प्रवाळही. गॉसच्या इंग्लंडातही हेच घडले होते. मत्स्यपेट्यांच्या हौसेपायी डेव्हनच्या किनाऱ्यावरील खडकांतील डबकी लोकांनी ओरबाडून नेली, आणि वडिलांच्या पुस्तकांनी त्या नाशाला कसा हातभार लावला याची खंत त्यांचा मुलगा एडमंड याने १९०७ साली आपल्या आत्मचरित्रात नोंदवली.

आपल्याकडे निदान एक सोय झाली आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांची अंडी उबवून पिले वाढवण्याचे तंत्र बसवले, आणि महाराष्ट्रातही ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात अशा माशांची पैदास केली जाते. पैदास केलेला विदूषक मासा पेटीत जन्मल्यामुळे पेटीला सरावलेला असतो, कोरडे खाद्य खातो, आणि नीट सांभाळल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. त्याला समुद्रफुलाची गरज भासत नाही; एखाद्या मातीच्या कुंडीच्या तुकड्याशीही तो तितक्याच निष्ठेने राहतो. या माशांत सर्व पिले प्रथम नर असतात आणि जोडीतील बलवान नर पुढे मादी होतो, ही गोष्ट मुलांना सांगितली तर ती सहसा विश्वास ठेवत नाहीत. दुकानदाराला दोनच प्रश्न विचारावे: मासा पैदाशीचा आहे काय, आणि तो आपल्यासमोर खातो काय. शंभर लिटरांत अशी एक जोडी आणि फार तर आणखी एखादा लहान मासा एवढेच पुरे.

प्रवाळ, समुद्रपंखा, समुद्रघोडा यांच्याकडे मात्र हौसेनेही पाहू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली त्यांचा समावेश झाला असून त्यांचा व्यापार गुन्हा आहे. शोभेसाठी विकले जाणारे मेलेल्या प्रवाळाचे पांढरे तुकडेही त्यातच येतात.

ज्यांना हा सारा व्याप झेपेलसा वाटत नाही, त्यांच्यासाठी एक मधली वाट आहे आणि मला ती कोलकात्याला अधिक शोभणारी वाटते. ती म्हणजे खाडीची पेटी. लिटरमागे आठ-दहा ग्रॅम क्षार, म्हणजे समुद्राच्या पाव हिश्श्याहून थोडे अधिक. आठवड्याला दोन-दोन ग्रॅम असे चढवत नेले तर गाळणीतील जुनी वस्ती बरीचशी तगून राहते आणि महिनाभराची रिकामी प्रतीक्षा टळते. गोड्या पेटीतील मॉली या पाण्यात उलट अधिक तजेलदार होतात. ठिपक्यांचा, चपट्या अंगाचा स्कॅट हा बंगालच्याच खाड्यांतील रहिवासी आहे. त्याला ‘पायरा चांदा’ म्हणतात, आणि तो वीतभराहून मोठा होतो हे आणतानाच ध्यानात ठेवावे. कोकणातील वाचकांना काळुंदर परिचित आहे. तोही अशा पाण्यात रमतो. आणि अर्धे पाणी व अर्धा ओला उतार अशी मांडणी साधली, तर खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटीही ठेवता येते. बिद्याधरी जिवंत असताना सियालदहच्या पूर्वेस जे पाणी होते, ते याच जातीचे.

राहता राहिले जुने मासे. पुष्कळ घरांतून ते पिशवीत घालून जवळच्या तळ्यात किंवा गंगेत सोडले जातात, आणि सोडणाऱ्याला पुण्य लाभल्यासारखे वाटते. काचेवरील शेवाळ खातो म्हणून हौसेने आणलेला, तोंडाने काचेला चिकटून राहणारा दक्षिण अमेरिकेचा सकर मासा असाच बाहेर पडला. आज तो पूर्व कोलकात्याच्या भेरींत आढळतो. त्याच्या अंगावर कठीण खवल्यांचे चिलखत असते, त्याला बाजारात भाव नाही, तो जाळी फाडतो आणि रोहू-कटल्याच्या खाद्यावर वाढतो. तेव्हा जुने मासे ओळखीच्या घरी द्यावे, शाळेच्या पेटीत द्यावे, नाहीतर दुकानदाराला परत करावे. गॅलिफ स्ट्रीटवरील विक्रेत्यांपैकी काहीजण निरोगी मासे परत घेतात. रविवारी सकाळी, ऊन चढण्याच्या आत, पिशवीत अर्धे पाणी व अर्धी हवा ठेवून ते न्यावे.